एकशे सव्वीस ब्रास खडी

सोमवार, ९ मार्च १९८७. दुपारचे साडेतीन.

बांधकाम खात्याच्या कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. ही डायरी आत्ताच मिळाली. मार्च उजाडल्यावर कचेरीने चालू सालच्या तीनशे डायऱ्या विकत घेतल्या. कचेरीत माणसे एकोणीस, त्यांतली चार सही करण्यापुरती येतात. ओव्हरसियर मोहनराव म्हणाले, स्टेशनरीचे पैसे उरलेत, घेऊन जा दोन-चार. मी एकच घेतली. जानेवारी-फेब्रुवारीची पाने कोरी सोडली आहेत. मागच्या तारखेला लिहिणे बरोबर नाही.

मी बंकट. शिक्षण नववी. दहावीची फी भरायच्या वेळी वडील वारले. जानेवारीपासून चिंचदरा मजूर सहकारी संस्थेचा सेक्रेटरी आहे, पगार ठरला दीडशे, अजून मिळालेला नाही. अध्यक्ष आबासाहेब. संस्थेचे मजूर सभासद एकसष्ट. मी यादी तपासली, अकरा मयत आहेत. तीन नंबरची मजूर म्हणजे आबासाहेबांच्या मंडळी. त्यांनी आयुष्यात टोपले उचलले असेल तर ते नवरात्रात फुलांचे. मजूर संस्थेला सरकारी काम टेंडरशिवाय मिळते, एवढ्यासाठी ही संस्था जिवंत आहे.

गुरुवार, १२ मार्च

खरे मजूर गावाबाहेर दिंद्रुडच्या रस्त्यावर आहेत. रोजगार हमीचे काम. अठ्ठेचाळीस माणसे जोडी-जोडीने खडी फोडतात, प्रत्येक जोडीचा रस्त्याकडेला एक ढीग. शंभर घनफुटांना एक ब्रास म्हणतात. ब्रासला सहासष्ट रुपये मजुरी. पण ओव्हरसियरने ढीग मोजून पुस्तकात लिहिल्याशिवाय पैसा मिळत नाही. सतरा फेब्रुवारीनंतर कुणी मोजायला आलेले नाही. मोहनरावांना विचारले तर म्हणाले, मार्च एंड आहे, फुरसत कुणाला?

माझी माय भामाबाई आणि धनगरवाड्यातली साखराबाई यांची जोडी. साखराबाईने मागच्या साली मेंढरे विकली आणि हातोडा घेतला. दोघी एकमेकींची भाकरी खातात आणि दिवसभर भांडतात. सध्या दुकानदाराने दोघींनाही ज्वारी द्यायची बंद केली आहे. तो म्हणतो, आधी ढीग मोजून आणा.

बुधवार, १८ मार्च

आज कचेरीत बाजार भरल्यासारखे होते. वीज नसलेल्या गोदामासाठी चार पंखे आले. बादल्या आल्या साठ, त्या आत एकमेकींत घालून ठेवल्या आहेत. पाणी कुठे आहे हे कुणी विचारले नाही. बडे साहेब प्रत्येक टेबलाशी जाऊन किती उरले ते विचारत होते आणि ज्याचे उरले त्याच्याकडे चोरी सापडल्यासारखे बघत होते. एकतीस तारखेपर्यंत न खर्चलेला पैसा वर परत जातो, आणि पुढच्या साली तेवढा कमी मिळतो. म्हणून पैसा वाचवणारा माणूस या कचेरीत सर्वांत नालायक समजला जातो.

मोहनरावांच्या टेबलावर रस्तेदुरुस्तीचे तीस हजार उरले आहेत. त्यांनी आबासाहेबांना आणि मला आत बोलावले. मला खुर्ची दिली. चहा दिला, कपबशीत. ठरले असे: दिंद्रुड रस्त्याच्या तीन ते पाच किलोमीटरमध्ये संस्थेने खडी पुरवली असे दाखवायचे, दर ब्रासला दोनशे पस्तीस. मी ढिगांची यादी करायची. आबासाहेब म्हणाले, अध्यक्षाची सही नसली तरी चालते, सेक्रेटरीची पाहिजे. मोहनरावांनीही तेच सांगितले. एवढ्या मोठ्या रकमेवर माझी एकट्याची सही चालते हे मला माहीत नव्हते.

गुरुवार, १९ मार्च

सकाळपासून यादी करायला बसलो. आबासाहेबांनी सांगितले होते की बसल्या जागी लिही, तीस ढीग धर, लांबी-रुंदी-उंची तुला वाटेल ती. तीन ढीग लिहिले आणि खोडले. जो ढीग नाहीच त्याची उंची सव्वातीन फूट की साडेतीन? दोन्ही सारखेच खोटे. उद्या कुणी तपासायला आले आणि त्या जागी फक्त बाभळ सापडली तर?

बाकीच्या संस्था असेच लिहितात म्हणे. म्हणूनच त्यांच्या वह्या वाचायच्या लायकीच्या नसतात.

शुक्रवार, २० मार्च

उपाय सापडला. धारूरहून अठरा रुपयांची मोजपट्टी आणली.

शनिवार, २१ मार्च

दिवसभर रस्त्यावर होतो. मजुरांचे चोवीस ढीग आहेत, सगळे डाव्या बाजूला, कारण खदान डावीकडे आहे. ते सगळे मोजले. लांबी दोन ठिकाणी, रुंदी तीन ठिकाणी, उंची पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढली. प्रत्येक ढिगाचा किलोमीटर, मीटर आणि बाजू लिहिली. आता यादीतला प्रत्येक ढीग जागेवर हात लावून दाखवता येईल.

मजूर मोजपट्टी बघून लई खूश झाले. एका जोडीने माझ्यासाठी गुळाचा चहा केला. आसाराम माझ्या वर्गात होता, आता खडी फोडतो. तो पट्टीचे दुसरे टोक धरून उन्हात दोन किलोमीटर चालला. म्हणाला, "आमच्या बंकटला मोजाया लावलं, म्हंजी सरकारला अक्कल आली बे."

मायने विचारले, ह्या मापाचे पैसे कधी? मी सांगितले, हे माप वेगळे आहे, तुमचे माप मोहनराव एप्रिलमध्ये घेतील. ती म्हणाली, दोनदा कशाला मोजतात? मी म्हणालो, हिशेब पक्का असावा म्हणून. साखराबाईने ढिगाच्या कडेचे चार दगड पायाने आत सारले, माप चांगले यावे म्हणून.

बुधवार, २५ मार्च

यादी दिली. चोवीस ढीग, एकशे सव्वीस ब्रास, रुपये २९,६१०. मोहनरावांनी न वाचता ती मोजमापाच्या पुस्तकात उतरवायला मलाच सांगितली. अक्षर बघून बडे साहेबही थांबले. म्हणाले, असं काम पाहिजे. मला फार बरे वाटले.

मग मोहनरावांनी बेरीज पाहिली आणि चिडले. "तीनशे नव्वद उरले की. वर परत पाठवू का? कावून इतकं मोजून लिहिलं बे?"

मी म्हणालो, जागेवर तेवढेच आहे. जागेचा उल्लेख ऐकून ते हसले. शेवटी तीनशे नव्वदचा पांढरा ऑइलपेंट घ्यायचे ठरले. तेरा डबे आले. रंगवायचे काय, ते कुणाला सुचेना. मी सुचवले, ढिगांवर नंबर टाकू.

शुक्रवार, २७ मार्च

नंबर टाकले, १ ते २४. फूटभर उंचीचे आकडे, खाली संस्थेचे नाव. एक डबा लागला. बारा डबे आबासाहेबांच्या घरी गेले, त्यांच्या खिडक्यांना लागतील.

मोजल्यापासून ढीग वाढलेले नाहीत, खदानीतला सुटा दगड संपला आहे आणि सुरुंग एप्रिलमध्ये लागणार. माय आणि साखराबाईच्या ढिगाला अकरा नंबर आला. मायला वाचता येत नाही, पण ती आकड्याजवळ बसून राहिली. घरी लग्नाची तारीख भिंतीवर लिहितात तसे वाटते म्हणाली.

सोमवार, ३० मार्च

पाडवा. गावात दोन-चारच गुढ्या दिसल्या. मी पुस्तकाची नक्कल तपासली. एका ठिकाणी पाचऐवजी सहा झाला होता. बरे झाले दिसला.

मंगळवार, ३१ मार्च

एकतीस मार्चला सरकार कसे काम करते ते प्रत्येक शाळकरी पोराला एकदा दाखवले पाहिजे. वर्षभर ज्या टेबलावर कागद सहा महिने झोपतो, तिथून आज तो पाच मिनिटांत उठला. ज्या बाबूला कधी जागेवर पाहिले नव्हते, तो जेवायलासुद्धा उठला नाही. बिलांचे गठ्ठे ट्रेझरीत सायकलवर, जीपमध्ये, एकदा तर डोक्यावर गेले. जिल्हा तहानलेला आहे आणि खर्च करायला वेळ पुरत नाही, असे दृश्य होते.

आमचे बिल सव्वापाचला पास झाले. करारनामा मीच लिहिला होता. त्यात एक कलम आहे: खडी रस्त्यावर पसरेपर्यंत तिची राखण संस्थेच्या सेक्रेटरीकडे. मोहनराव म्हणाले, नेहमीचंच असतं. मी सही केली. चेक आबासाहेबांनी घेतला.

बुधवार, १ एप्रिल

आबासाहेबांनी पगारापोटी शंभर रुपये दिले. उरलेले नंतर. कचेरीत आज कुणी नव्हते, सगळे थकले आहेत.

शुक्रवार, ३ एप्रिल

क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला मोहनराव जीपने रस्त्यावर आले, मजुरांचे माप घ्यायला. मजूर आपापल्या ढिगाशी उभे राहिले. बायकांनी डोक्यावरचे पदर नीट केले. मीही गेलो होतो, मदत करावी म्हणून. मोहनराव एक नंबरच्या ढिगापाशी थांबले, आकडा बघितला, पुस्तक उघडले, माझे पान काढले. मग दोन नंबरपाशी. मग तीन. चौथ्यापासून ते जीपमधून उतरलेच नाहीत. चोवीसपर्यंत गाडी हळूहळू गेली आणि परत आली.

म्हणाले, "हे सगळे लागलेत पुस्तकात. संस्थेची खडी म्हणून पैसा निघालाय. एक ढीग दोनदा कसा लिहू?"

मजुरांना आधी कळलेच नाही. आसारामने विचारले, मग आमचे ढीग कुठले? मोहनराव म्हणाले, तेच मी तुम्हाला विचारतो, तुमचे दाखवा, आत्ता मोजतो.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, साहेब, तुम्हाला माहीत होते. ते म्हणाले, "मला काय म्हाईत? मला वाटलं तू मनानं लिहिलंस. सगळे मनानंच लिहितात."

मजुरांकडे वळून त्यांनी सांगितले की बुधवारी परत येतो, तोवर नवीन काही फोडलेले असेल तर लिहीन. जीप गेली. अठ्ठेचाळीस माणसांची साडेचार आठवड्यांची मजुरी, ८,३१६ रुपये, माझ्या अक्षरात गेली. कुणी मला शिवी दिली नाही. आसाराम जवळ येऊन थुंकला, पण माझ्यावर नाही, एक नंबरवर.

माय घरी आली आणि चूल न पेटवता बसली.

शनिवार, ४ एप्रिल

आबासाहेबांकडे गेलो. ते खिडकीला रंग लावून घेत होते. मी म्हणालो, मजुरांचा पैसा आपल्या बिलात आला आहे, तेवढा तरी परत द्या. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खुर्चीही दिली नाही.

"तुला मोजाया कुणी सांगितलं होतं? बसल्या जागी लिही म्हनलो होतो का न्हाई? तीस ढीग मनचे लिहिले असते तर कुनाचं काय गेलं असतं? सरकारचं गेलं असतं. ते तर दर साली जातं."

मी म्हणालो, मी कलेक्टरला लिहितो.

"लिही. तुझं अक्षर लई नामी हाय. खाली सही कुनाची, तेबी लिही."

परत येताना हेच डोक्यात होते. त्यांचे म्हणणे खोटे नाही, हे सर्वांत वाईट. बाकीच्या संस्थांच्या वह्या मी हसण्यावारी नेल्या. त्यांतल्या एकाही खोट्या ढिगाने कुणाची भाकरी नेली नव्हती.

रविवार, ५ एप्रिल

सकाळी साखराबाई घरी आली. थेट माझ्यासमोर बसली. तिने विचारले, पुस्तकात ढिगाचे काय काय लिहिले आहेस? मी सांगितले: नंबर, किलोमीटर, मीटर, बाजू, माप.

"बाजू कंची?"

"डावी."

"समद्याची?"

मी म्हणालो, हो, चोवीसच्या चोवीस.

"मंग उजवी मोकळी हाय की."

ती उठली आणि गेली. मला अर्धा तास लागला समजायला. मी रस्त्यावर पोचलो तेव्हा अठ्ठेचाळीस माणसे टोपल्यांनी खडी डावीकडून उजवीकडे नेत होती. बारा हजार सहाशे घनफूट दगड. रस्ता वीस फूट रुंद. सरकारच्या सोयीसाठी माणसांनी स्वतःची मजुरी डोक्यावरून रस्त्यापलीकडे न्यायची, फुकट, एप्रिलच्या उन्हात, हे कुठल्या नियमात बसते ते मला सापडले नाही. पण त्याला मनाई करणारा नियमही सापडला नाही.

मी दुपारपर्यंत बाभळीखाली उभा राहिलो. आसाराम प्रत्येक खेपेला जवळून जाताना म्हणायचा, "मोज बे, मोज, खेपा मोज."

सोमवार, ६ एप्रिल

रात्री अंथरुणात करारनाम्यातले कलम आठवले. राखण सेक्रेटरीकडे. डावी बाजू रिकामी झाली की संस्थेची खडी गेली, आणि ती माझ्या राखणीतून गेली.

सकाळी रस्त्यावर जाऊन साखराबाईला हे सांगितले. मायही तिथेच होती. मी म्हणालो, मावशी, डावीकडे काही उरले नाही तर ते माझ्यावर येईल. एकोणतीस हजार सहाशे दहा रुपये.

साखराबाईने टोपले खाली ठेवले नाही. "आमच्यावर आलतं तवा तू कुटं हुतास?"

माय मध्ये पडेल असे मला वाटले. ती म्हणाली, "अकरा नंबरचा अर्धा ढीग राहिलाय, बंकट. टोपलं हाय तिथं."

मी टोपले घेतले. पहिल्या वीस खेपा मोजल्या. नंतर मोजायचे सोडून दिले. हातांना फोड आले आहेत, त्यामुळे आजची ओळ वाकडी आहे.

मंगळवार, ७ एप्रिल

संध्याकाळी साडेपाचला शेवटचे टोपले टाकले. डावी बाजू झाडल्यासारखी स्वच्छ आहे. दगडांवरचा ऑइलपेंट पाण्याने धुऊन जात नाही. आम्ही ते दगड उजवीकडच्या ढिगांत आतल्या बाजूला सारले, तरी पांढरे तुकडे मधूनमधून दिसतात.

बुधवार, ८ एप्रिल

मोहनराव आले. डावीकडे बघितले, उजवीकडे बघितले. एका ढिगातून पांढरा दगड उचलला, उलटासुलटा केला आणि परत ठेवला. म्हणाले, "बरीच फोडली की पाच दिवसांत."

साखराबाई म्हणाली, "तुमी येनार म्हनून."

त्यांनी सगळे ढीग मोजले. एकशे चोवीस ब्रास भरले. दोन ब्रास खेपांमध्ये रस्त्यावर सांडले, चुरा झाले. मजुरांनी त्यावर वाद घातला नाही. जाताना मोहनरावांनी मला बाजूला घेतले. ते मनाने वाईट आहेत असे मला आता वाटत नाही. मन एवढे कामात असते कुठे? म्हणाले, रोलर जूनअखेर येईल, तेव्हा डावीकडे एकशे सव्वीस ब्रास पाहिजे. नसेल तर वसुलीची नोटीस निघेल, आणि ती सेक्रेटरीच्या नावाने निघेल. मी काही करू शकत नाही, पुस्तकात लागलंय.

मी विचारले, खडी चोरीला गेली असे दाखवता येईल का? ते म्हणाले, त्याला पोलिसांचा पंचनामा लागतो, आणि पंच म्हणून हेच मजूर उभे राहतील.

शनिवार, ११ एप्रिल

मजुरी वाटली. ८,१८४ रुपये. माय आणि साखराबाईच्या वाट्याला मिळून ३५७ आले, कारण त्यांच्या ढिगातली खडी वाटेत कमी सांडली. दुकानदाराने आज मायला स्वतःहून हाक मारली.

आबासाहेबांकडे पगाराचे साडेतीनशे मागायला गेलो. ते घरी असून नव्हते. खिडक्या चांगल्या दिसतात.

रविवार, १२ एप्रिल

मजुरांची आज सुटी. सकाळी सहाला खदानीवर गेलो, एकटाच. आसारामने हातोडा कसा धरायचा ते काल दाखवले होते. मनगटाने मारायचे, खांद्याने नाही. दगड फुटायचा तिथे फुटत नाही, उडतो. एक कपाळाला लागला. दुपारी माय भाकरी घेऊन आली, माझ्या ढिगाकडे बघितले आणि शेजारी बसून तासभर फोडत राहिली. तिची खडी मी वेगळी ठेवली. ती माझ्या हिशेबात धरणे बरोबर नाही. मग तीच उठली आणि तिने आपली खडी माझ्या ढिगात ओतली, त्यामुळे आता वेगळी काढता येत नाही.

मोजले. पाच घनफूट. त्यात माझे साधारण अडीच.

आजपर्यंतचा हिशेब:

जमा. पगारापोटी, १ एप्रिल: रु. १००.००.

खर्च. मोजपट्टी १८.००. कचेरीच्या खेपा, एसटी १९.२०. हातोडा २२.००. जयंतीची वर्गणी ११.००. एकूण ७०.२०.

हातात शिल्लक: २९.८०.

येणे. आबासाहेबांकडून पगार, तीन महिन्यांचा बाकी: ३५०.००. मिळण्याची आशा नाही, तरी लिहून ठेवतो.

देणे. सरकारला, रोख २९,६१०.०० किंवा खडी १२,६०० घनफूट. पैकी आज ५. बाकी १२,५९५ घनफूट. बाजू: डावी.